चढणीची वाट : रेडमंडच्या एका ओढ्यावरच्या कामाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२३, शनिवार
१४ जण, त्यात ५ मुलं. सकाळी ९ ते १. पाऊस नाही.

उद्या लक्ष्मीपूजन. घरोघरी चकल्या अर्ध्यावर असताना चौदा माणसं गमबूट घालून ओढ्यावर आली, ही पहिली नोंद.

जागा अशी : अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडमध्ये, बेअर क्रीकला मिळणारा एक लहान ओढा, त्याचा उजवा काठ, लांबी सुमारे १४० मीटर. नकाशावर त्याला नाव नाही, आम्ही नुसतं 'ओढा' म्हणतो. वरच्या अंगाला घरं, खालच्या अंगाला दुकानांचं मोठं पार्किंग, आणि मध्ये रस्त्याखालच्या मोरीतून हा वाहतो. जागा शहराची, मार्गदर्शक बाई शहराने दिलेल्या, रोपं आणि अवजारंही त्यांचीच. हात आमचे.

आज फक्त ब्लॅकबेरी उपटली. इथे तिला 'हिमालयन ब्लॅकबेरी' म्हणतात, पण ती मूळची आर्मेनियाच्या बाजूची. ल्यूथर बरबँक या रोपवाटिकावाल्याने १८८५ मध्ये भारतातून आलेल्या बियांपासून ती इथे वाढवली आणि हिमालयाचं नाव तिला चिकटलं. आता सगळ्या ओढ्यांचे काठ तिने गिळलेत. वेल कापून भागत नाही, गड्डा निघाला पाहिजे. एकेक गड्डा सुरणाएवढा, काळपट, आणि त्यातून हाताच्या बोटाएवढी मुळं चारी दिशांना गेलेली. टिकाव मारून, हलवून हलवून काढला की मातीचा ओला वास येतो. चार तासांत २२ मीटर काठ मोकळा झाला.

हे कशासाठी, ते मुलांना सांगितलं, तेच इथे लिहून ठेवते. सॅल्मन मासा अशाच ओढ्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला परत याच पाण्यात येतो. आमच्या ओढ्यावर यायचं तर त्याला प्युजेट साउंडच्या खाडीतून सिएटलमधल्या बॅलर्डच्या जलपाशातली (बोटींना वर-खाली नेणाऱ्या दारांतली) माशांची शिडी चढून, कालव्यातून लेक वॉशिंग्टनमध्ये, तिथून सॅमामिश नदी धरून बेअर क्रीकपर्यंत पोहावं लागतं. ही वाटही आताची. १९१६ मध्ये कालवा काढला तेव्हा लेक वॉशिंग्टनची पातळी सुमारे ९ फुटांनी उतरली आणि त्याचं पूर्वीचं तोंड, ब्लॅक रिव्हर, कोरडं पडलं. सॅमामिशच्या काठची दलदल आटली. १९६०च्या दशकात पुरापासून शेतं वाचवायला ती नदी खोदून सरळ केली. सरळ केलेल्या नदीत डोह राहत नाही, सावली राहत नाही, थकलेल्या माशाला टेकायला जागा राहत नाही. १९९९ मध्ये प्युजेट साउंडचा चिनूक सॅल्मन धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेला.

१८७१ मध्ये गोरे वसाहतवाले इथे राहायला आले तेव्हा त्यांनी या गावाला दिलेलं नाव होतं सॅल्मनबर्ग. रेडमंड हे नाव नंतरचं. आमच्यापैकी बहुतेक जण संगणकाच्या नोकरीपायी इथे आलो. गावाचं पहिलं नाव माशावरून होतं हे मला इथे अकरा वर्षं राहून आज कळलं.

५ डिसेंबर २०२३, मंगळवार

काम नाही, फक्त पाहून आले. दोन दिवस उबदार पाऊस कोसळतोय, डोंगरातला बर्फही त्यात वितळतोय, जिल्ह्याजिल्ह्यात पूर आहेत. ओढा चहाच्या रंगाचा. नेहमी घोट्याला लागतो तिथे आज कंबरभर असेल. पार्किंगवरचं पावसाचं पाणी ओढ्यात सोडणाऱ्या नळातून पाणी नुसतं उसळत होतं. रानात पडलेला पाऊस मातीत मुरून दोन-तीन दिवसांनी ओढ्यात येतो, डांबरावरचा दहा मिनिटांत येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माशांनी खडीत पुरलेली अंडी अशा लोंढ्यात उखडून जातात किंवा गाळाखाली गुदमरतात.

१३ जानेवारी २०२४, शनिवार

रद्द. कडाक्याची थंडी, जमीन दगडासारखी. कुंडीतली ३१० रोपं एकमेकांना चिकटवून, वर ताडपत्री आणि पालापाचोळा टाकून ठेवली. संक्रांतीचे तिळगूळ वाटायला आणले होते, ते गाडीच्या डिकीतच वाटले.

२७ जानेवारी २०२४, शनिवार
१९ जण. ९ ते १. पाणी ७ अंश.

लागवड, पहिला दिवस. इथे लागवड हिवाळ्यात करतात. पाऊस मिळतो, झाड झोपेत असतं, मुळांना उन्हाळ्यापूर्वी सहा महिने मिळतात. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर लावतात, हिशेब तोच.

पाण्यालगत वाळुंजाच्या फांद्या खोचल्या. इंग्रजीत जिला विलो म्हणतात ती आपली वाळुंज. इथली जात वेगळी, पण पान, शेंडा, पाण्याची ओढ तीच. अंगठ्याएवढी जाड, चार फूट लांब फांदी, खालचं टोक तिरकं कापलेलं, वरचं सपाट. पहारीने आधी भोक पाडायचं आणि दोन तृतीयांश फांदी जमिनीत घालायची. उलटी लावली तर नीट जगत नाही, म्हणून डोळे वरच्या दिशेने आहेत ना हे प्रत्येक वेळी पाहायचं. शेवग्याची फांदी कुंपणात खोचली की लागते, तशीच ही लागते. मुलांनी १२० फांद्या खोचल्या.

मार्गदर्शक बाईंनी सांगितलं की या खोऱ्यातल्या मूळ सॅमामिश लोकांच्या नावाचा अर्थच 'वाळुंजाची माणसं' असा सांगतात. बेअर क्रीक जिथे सॅमामिशला मिळते, तिथे दहाएक वर्षांपूर्वी क्रीकचा सरळ केलेला पट्टा हायवेपासून दूर हलवून पुन्हा वळणावळणाचा केला. त्या कामाआधी जमीन तपासताना शॉपिंग सेंटरच्या अगदी शेजारी १० हजार वर्षांहून जुनी दगडी हत्यारं सापडली, आणि सॅल्मनच्या हाडाचा अंशही. हे ऐकल्यावर थोडा वेळ कुणी पहार उचलली नाही.

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

आज ओढ्यावर गेले नाही, पण या तारखेची नोंद या वहीत हवी. न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांच्या निकालाला आज ५० वर्षं झाली. १८५४-५५ मध्ये इथल्या जमातींनी करार करून जमिनी दिल्या, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. पुढे कित्येक दशकं त्याच हक्कासाठी त्यांना अटक होत राहिली. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिली अटक झाली तेव्हा ते १४ वर्षांचे होते, पुढे ती पन्नासहून अधिक वेळा झाली. १९७४ च्या निकालाने पकडता येण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा जमातींचा ठरला, आणि मासे सांभाळण्यात त्या राज्याच्या बरोबरीच्या भागीदार झाल्या.

याच हक्कातून पुढे मोऱ्यांचा खटला आला. करारात मासे धरायचा हक्क आहे, पण रस्त्याखालच्या मोऱ्यांनी माशांची वाटच बंद केली तर त्या हक्काचं काय करायचं? मोरीचं तोंड पाण्याच्या वर लटकतं, आत गुळगुळीत पाइपातून पाणी जोरात येतं, मासा उड्या मारमारून तिथेच संपतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी बरोबरी झाली, खालचा निकाल कायम राहिला, आणि वॉशिंग्टन राज्याला शेकडो मोऱ्या बदलणं भाग पडलं. आपण शनिवारी चार तास येतो. ही माणसं पिढ्यानपिढ्या इथे उभी आहेत, मार खाऊन, तुरुंगात जाऊन. ओढ्यावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ब्लॅकबेरीच्या आधी हे सांगायचं, असं मी ठरवलंय.

९ मार्च २०२४, शनिवार
२३ जण.

या हंगामातली शेवटची लागवड. वरच्या कोरड्या भागात लाल सीडर आणि डग्लस फर, मधल्या पट्ट्यात अल्डर, लाल काड्यांचा डॉगवुड, सॅल्मनबेरी. प्रत्येक रोपाभोवती पुठ्ठा आणि त्यावर लाकडाच्या चिपांचा वेढा, बुंध्याला न चिकटवता. चिकटवला तर साल कुजते आणि उंदीर खाली घर करतात. झाडं कुरतडून पाण्याला बांध घालणारा बीव्हर येऊ शकतो म्हणून पाण्याजवळच्या ४० रोपांना जाळीच्या टोप्या. एकूण ३१० रोपं आणि १२० फांद्या. प्रत्येकाजवळ निळी फीत बांधलेली बांबूची काडी.

२० एप्रिल २०२४, शनिवार

वाळुंजांना पालवी फुटली. १२० पैकी १०३ जगल्या.

मंगळवारी राज्याने दुष्काळ जाहीर केला. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ कमी पडला, आणि इथल्या नद्यांची उन्हाळ्याची शिदोरी म्हणजे तो बर्फच. आमच्या ओढ्याला बर्फाचं पाणी येत नाही, पण तो जिला मिळतो तिच्यापुढच्या सगळ्या वाटेवर परिणाम होणार. पाणी कमी म्हणजे पाणी गरम.

१८ मे २०२४, शनिवार
६ जण.

वाईट दिवस. गुरुवारी कुणीतरी येऊन मधल्या पट्ट्यातलं गवत यंत्राने कापलं आणि त्यात आपली ६२ रोपं गेली. पोटरीएवढ्या उंचीवर सगळी सपाट. शेजारच्या जागेचं गवत कापायचं कंत्राट असलेले लोक होते, हद्द चुकली. ते भेटायला आले, एकाने तर टोपी काढून माफी मागितली. त्यांचा राग येऊन उपयोग नाही. कमरेएवढ्या गवतात पुसट झालेली निळी फीत कुणाला दिसणार? पावसात बऱ्याच काड्या वाहून गेल्या होत्या आणि आम्ही त्या परत लावल्या नव्हत्या.

तरी उभं राहवत नव्हतं. साताठ वर्षांची एक मुलगी आपण लावलेला सीडर शोधत होती. सापडला, पेन्सिलीएवढा बुडखा. तिने त्याच्याभोवतीच्या चिपा नीट गोल केल्या आणि विचारलं, "मावशी, हा परत येईल ना?" अल्डर आणि वाळुंज बुडख्यातून फुटतात, सीडर असा फुटत नाही. मी तिला खरं तेच सांगितलं.

आज दिवसभर लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि हद्दीवर जाड दोरी बांधली.

२२ जून २०२४, शनिवार
११ जण आणि आई.

आई चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आली आहे. गवत काढायला बसली ती तिच्या सवयीने उकिडवी, आणि आम्हा सगळ्यांच्या दुप्पट काढलं. मध्येच उठून पाण्यापाशी गेली आणि म्हणाली, "हा तर पऱ्या आहे गो आपला."

कोकणात लहान ओढ्याला पऱ्या म्हणतात. झालं, तेव्हापासून सगळे त्याला पऱ्याच म्हणायला लागले. कोल्हापूरचे दादाही म्हणतात, नागपूरच्या वहिनीही.

सॅल्मन म्हणजे रावस का, असं तिने विचारलं. मुंबईच्या हॉटेलांतून रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात त्याचा हा घोळ. रावस वेगळ्याच कुळातला. पण मासे समुद्रातून ओढ्यात अंडी घालायला चढतात म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "म्हणजे चढणीचे मासे." माझ्या डोक्यात हा शब्द अकरा वर्षांत आला नव्हता. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की नदीतले मासे पऱ्यात, पऱ्यातून भाताच्या खाचरात उलटे चढतात, पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, घेऊन. लहानपणी आम्ही कंदील घेऊन रात्री जायचो, बाबा पाग (फेकायचं जाळं) टाकायचे आणि शेंगट्यांनी टोपली भरायची. पोटातली गाबोळी ही सगळ्यात चवीची. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आईने सगळ्यांना सांगितलं की आता गावी तशी चढण राहिली नाही. पऱ्याला बांध घातला, रस्त्याची मोरी उंच झाली, वरून शेतातलं औषध उतरतं. कारणं ऐकत गेले तसं अंगावर काटा आला, इतकी ती इथली होती. मग ती महाडजवळच्या वाळणकोंडीबद्दल बोलली, काळ नदीतला डोह, देवीच्या नावाने राखलेला. तिथले मासे कुणी धरत नाही, लोक त्यांना मुरमुरे घालतात आणि हातभर मासे काठाशी येतात. मार्गदर्शक बाईंना हे भाषांतर करून सांगितलं. त्यांनी वहीत डोहाचं नाव लिहून घेतलं आणि स्पेलिंग दोनदा विचारलं.

९ जुलै २०२४, मंगळवार

ऊन भाजून काढतंय. संध्याकाळी ७ ते ९ पाणी घातलं. ८ जण, बादल्या. माना टाकलेले शेंडे बादलीभर पाण्याने अर्ध्या तासात वर येतात.

दुपारी ३ वाजता उघड्या भागात पाणी १९ अंश, अल्डरच्या जुन्या झाडाखाली १७. मधलं अंतर फक्त ४० मीटर. कोहो ही सॅल्मनचीच एक जात. तिची पिल्लं समुद्रात जाण्यापूर्वी वर्षभर, कधी त्याहून जास्त, ओढ्यातच राहतात. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, रोग वाढतात, पिल्लं खाणं सोडतात. त्या अल्डरखाली बोटाएवढी पिल्लं दिसली, अंगावर उभे करडे पट्टे, सगळी प्रवाहाकडे तोंड करून एका जागी स्थिर. उघड्या भागात एकही नाही. ज्याला झाडं कशाला लावता असा प्रश्न पडतो, त्याने दुपारी तीनला येऊन त्या झाडाखाली दहा मिनिटं बसावं.

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार

बीव्हर आला. २३ वाळुंजा कापल्या, तासणीने तासल्यासारख्या. खालच्या अंगाला काड्या आणि चिखल रचून गुडघाभर बांध घातलाय. दोघे जण फार चिडले. मार्गदर्शक बाईंचं म्हणणं वेगळं पडलं, आणि मला ते पटलं : जाळी फक्त मोठ्या होऊ द्यायच्या झाडांना लावा, वाळुंज त्याच्यासाठीच सोडा, ती बुडख्यातून परत येते. त्याच्या बांधामागे साचलेलं संथ, खोल पाणी हे कोहोच्या पिल्लांचं उन्हाळ्यातलं आणि पुरातलं आसऱ्याचं ठिकाण. तो डोह खोदायला आम्हाला परवाना, यंत्र आणि पैसे लागले असते, तेही फक्त उन्हाळ्यातल्या ठरलेल्या मुदतीत, जेव्हा खडीत अंडी नसतात.

८ सप्टेंबर २०२४, रविवार

दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन. या वर्षी गटातल्या नऊ घरांनी शाडूच्या मूर्ती आणल्या आणि घरीच बादलीत विसर्जन केलं. एका काकूंना वाहत्या पाण्याशिवाय विसर्जन मनाला पटत नव्हतं. त्यांना घेऊन पऱ्यावर गेलो आणि खडी दाखवली. दोन दगडांच्या मधल्या फटीतून पाणी खेळतं म्हणून अंडं श्वास घेतं. शाडूसारखी बारीक माती त्या फटींत बसली की संपलं. काकूंनी काही वेळ पाहिलं, मग बादलीतली माती आपल्या हाताने सीडरांच्या बुडाशी घातली आणि तिथेच आरती म्हटली.

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

पाऊस सुरू. गळून गेलेल्यांच्या जागी ७० नवी रोपं.

क्लॅमॅथ नदीवरची चार धरणं पाडण्याचं काम या वर्षी पुरं झालं, आणि या आठवड्यात ओरेगॉनमध्ये जुन्या धरणांच्या वर चिनूक दिसला. १९१२ नंतर पहिल्यांदा. सगळ्यांना फोनवर फोटो दाखवत होते, हात चिखलाचे.

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार
पाडवा. १६ जण आणि आई.

पहिल्या मोठ्या पावसाबरोबर कोहो आले. मोरीच्या खाली, पार्किंगच्या नळापासून वीसएक पावलांवर, एक मादी दिसली. आम्ही आनंदाने ओरडलो. मग कळलं की तिचं काहीतरी बिघडलंय. ती पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होती, एकाच जागी गोल फिरत होती, कुशीवर कलंडून परत सरळ व्हायचा प्रयत्न करत होती. जवळ गेलं तरी पळाली नाही. कोहो कुणाला एवढं जवळ येऊ देत नाही. एक तास आम्ही काठावर बसून होतो. साडेअकराच्या सुमाराला ती थांबली.

मार्गदर्शक बाईंकडे मेलेल्या माशांच्या पाहणीचा परवाना आहे. त्यांनी हातमोजे घालून तिला काठावर घेतलं, मोजली, ६४ सेंटिमीटर, आणि पोट चिरलं. आत सगळी गाबोळी. केशरी, घट्ट, एकही दाणा सुटलेला नाही. म्हणजे समुद्र करून, शिडी चढून, कालवा, तळं आणि नदी पार करून ती आली, आणि अंडी घालायच्या आधीच मेली.

सॅल्मन अंडी घातल्यावर मरतोच, ते त्याचं आयुष्य. त्याच्या कुजलेल्या अंगातून ओढ्याला, किड्यांना, झाडांना समुद्रातलं खत मिळतं. हे मरण तसं नव्हतं. सिएटलच्या शहरी ओढ्यांत असे कोहो मरताना २००० नंतरच्या वर्षांत वारंवार दिसू लागले, काही ठिकाणी आलेल्या माद्यांपैकी निम्म्याहून जास्त. कारण शोधायला वीस वर्षं गेली. टायरचं रबर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन तयार होतं. टायर झिजतो, भुकटी रस्त्यावर बसते, पहिल्या पावसात ओढ्यात उतरते, आणि कोहो काही तासांत मरतो. टाकोमा आणि प्युअलप इथल्या संशोधकांनी हे डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच पाण्यात चम सॅल्मनला काही होत नाही.

आम्ही सोळा जण आज सात गाड्यांतून आलो होतो. गाड्या त्याच पार्किंगमध्ये लावल्या होत्या. वर्षभर शनिवारी तिथेच लावत आलो.

आई खाली बसून गाबोळीकडे पाहत होती. तिला वाटलं असेल ते तिने बोलून दाखवलं नाही. फक्त म्हणाली, "पाडव्याला आली होती बिचारी." मग घरून आणलेल्या डब्यातलं कुणी काही खाल्लं नाही.

बाईंनी एक गोष्ट मात्र ठासून सांगितली. तेच रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून, ६० भाग वाळू आणि ४० भाग कंपोस्ट, मुरवून सोडलं तर त्यात कोहो जगतात. हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. नवं तंत्रज्ञान लागत नाही, पाणी ओढ्यात पडण्यापूर्वी मातीतून जायला जागा लागते. आम्ही वर्षभर काठावर काम केलं आणि नळाकडे पाठ करून उभे राहिलो, असं मला वाटतं. सावली हवीच. पण चढणीच्या दाराशीच विष वाहत असेल तर सावलीपर्यंत मासा पोचणार कसा?

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार
९ जण. बाकीच्यांकडे अजून वीज नाही.

मंगळवारी संध्याकाळी वादळ झालं. पूर्वेकडून वारा, रात्रभर झाडं मोडल्याचे आवाज. आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती, आईने गॅसवर पिठलं-भात केला आणि शेजारच्या आजोबांना बोलावलं.

पऱ्यावर एक मोठा कॉटनवुड आडवा पडलाय, मुळासकट, थेट पाण्यात. सहा सीडर त्याच्या फांद्यांखाली गेले. करवत आणू का, असं दोघांनी विचारलं. नको. पूर्वी इथले सरकारी लोकही ओंडके माशांना अडवतात म्हणून ओढे साफ करायचे, आणि नंतर तेच ओंडके क्रेनने परत आणून ठेवायची पाळी आली. पाणी ओंडक्याला आपटतं, खाली खोदतं, मागे खडी साठवतं. आजच त्याच्या खाली मांडीभर खोल डोह झालाय.

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार
१२ जण. पाणी ८ अंश, नितळ.

ओंडक्याच्या वरच्या बाजूला, खडीत, दोन पाटांएवढा फिकट लांबट चट्टा. आजूबाजूचे दगड शेवाळाने काळपट, हे धुऊन काढल्यासारखे. कोहोचं घरटं. मादी कुशीवर आडवी होऊन शेपटीने पाणी हाणते, दगड उचलून प्रवाहात जातात, खळगा होतो. त्यात अंडी, वर नराचं रेत, मग थोडं वर सरकून पुन्हा शेपटी हाणायची की वरचे दगड येऊन पहिला खळगा झाकतो. मादी अजून तिथेच होती. शेपटीची कड झिजून पांढरी पडलेली, तरी घरट्यावरून हलत नव्हती.

मुलांना काठावर पोटावर झोपवून एकेकाला दाखवलं. कुणी बोललं नाही. समोरच्या फांदीला केशरी फीत बांधली आणि त्यावर तारीख लिहिली. आता वसंतापर्यंत या भागात पाण्यात पाय घालायचा नाही, कुत्रीही नाहीत.

आई मंगळवारी परत जातेय. निघताना तिने मला सांगितलं की गावी पुढच्या मृगात वाडीतल्या पोरांना चढणीचे मासे धरू नका म्हणून सांगणार. ऐकतील का, विचारलं. "मी सांगेन," ती म्हणाली.

७ डिसेंबर २०२४, शनिवार
१५ जण. पाऊस. सगळे बसने किंवा एका गाडीत चौघे असे आले.

पार्किंगच्या जागामालकांशी तीन बैठका झाल्या. नळाच्या तोंडाजवळच्या दोन गाड्यांची जागा ते सोडायला तयार आहेत, त्याखालचं डांबर काढायलाही. तिथे वाळू-कंपोस्टचा वाफा करायचा आणि वर डॉगवुड आणि लव्हाळ्यासारखं गवत लावायचं. आराखडा शहराच्या अभियंत्यांकडून तपासून घ्यायचा. एवढ्याने सगळं पाणी मावणार नाही. पहिल्या पावसाचं, सगळ्यात घाण पाणी मावलं तरी कोहोच्या दृष्टीने खूप.

आज पावसात उभं राहून पाणी कुठून कुठे जातं ते खडूने डांबरावर आखलं. खडू पुसायच्या आत कोल्हापूरचे दादा छत्रीखाली फोटो काढत होते. अंदाजापेक्षा मोठा भाग त्या एका नळाकडे उतरतो, पेट्रोल पंपाच्या बाजूचा कोपराही. तो कोपरा आराखड्यात नव्हता. परत मोजावा लागेल.

केशरी फीत जागेवर आहे. घरट्यावर मादी नाही. खाली ओंडक्यापाशी तिचं अंग अडकलंय, रॅकूनने अर्धं खाल्लेलं. तसंच ठेवलं.

पुढचं काम : शनिवार १४ डिसेंबर, सकाळी ९. मोठी टेप, खडू, छत्र्या. पाऊस असेल तरच जमायचं. कोरड्या डांबरावर पाण्याची वाट दिसत नाही.